वाळूवरची रात्र : गंगेवरचे राफ्टिंग आणि मुक्कामाचा इतिहास



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी साधाच प्रश्न पाठवला होता. त्यांच्या घरची सहा-सात माणसं दिवाळीनंतर ऋषिकेशला राफ्टिंगला निघाली आहेत. ‘सर, तुम्ही त्या भागात जाऊन आला आहात. मुक्काम कुठे करावा?’ एवढंच विचारलं होतं. आम्ही दोन ओळींचं उत्तर लिहायला बसलो, आणि ते काही दोन ओळींत मावेना. म्हणून आजचं हे व्याख्यान. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, इतिहासाच्या घरात पाहुणे. पाहुण्याने जसं जपून बोलावं, तसंच बोलू. तशीही आजची गोष्ट पाहुण्यांचीच आहे.

आधी नदी समजून घेऊ. देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी एकमेकींना मिळतात आणि तिथून खाली त्या प्रवाहाला गंगा हे नाव पडते. देवप्रयाग ते ऋषिकेश हा डोंगरातला शेवटचा टप्पा; त्यानंतर नदी मैदानात उतरते. राफ्टिंग चालते ते मुख्यतः याच टप्प्यात. ऋषिकेशपर्यंत यायचे तर ब्रह्मपुरीहून सुमारे ९ किलोमीटर, शिवपुरीहून १६, मरीन ड्राइव्हहून २४ आणि कौडियालाहून सुमारे ३६ किलोमीटर. मरीन ड्राइव्ह ऐकून मुंबईकरांनी दचकू नये; नदीकाठच्या एका पट्ट्याला पर्यटनवाल्यांनी दिलेलं ते नाव आहे. खळाळांची नावंही अशीच. द वॉल, थ्री ब्लाइंड माइस, रोलर कोस्टर, गोल्फ कोर्स, रिटर्न टू सेंडर. एकाचं नाव तर हिल्टन! नदीच्या एका उसळीला जगप्रसिद्ध हॉटेलचं नाव मिळावं, यात आजच्या विषयाचं अर्धं सार आलं.

आता राफ्टमध्ये बसलात की तोंड प्रवाहाच्या दिशेने असते. उजव्या हाताला, वर, बद्रीनाथला जाणारा मोटाररस्ता दिसतो. डावीकडे बहुतेक वेळ जंगलच दिसतं. पण त्या डाव्या अंगालाच जुनी यात्रेची पायवाट होती. लक्ष्मणझुल्यापासून फूलचट्टी, मोहनचट्टी, मग डोंगर चढून-उतरून महादेवचट्टी, व्यासघाट, आणि मग देवप्रयाग. शेकडो वर्षे माणसे बद्रीकेदारला गेली ती या वाटेने, पायी. म्हणजे राफ्टमधला प्रवासी दोन इतिहासांच्या मधून वाहत असतो. उजवीकडे मोटारीचा, डावीकडे पायांचा. सांगणारं कोणी नसेल, तर दोन्ही दिसत नाहीत. खळाळ तेवढे दिसतात.

चट्टी म्हणजे काय, ते नीट पाहू, कारण मुक्कामाचा सगळा प्रश्न तिथे सुरू होतो. चट्टी म्हणजे वाटेवरचा पडाव. गवताने शाकारलेली लांबट, बरीचशी उघडी छपरी, शेजारी दुकान. दुकानदाराकडे कणीक, डाळ, तांदूळ, तूप, लाकूडफाटा मिळे. शिधा त्याच्याकडून घ्यायचा. मग रात्रीच्या निवाऱ्याचे वेगळे पैसे नाहीत, आणि स्वयंपाकाची भांडीही तोच देई. सकाळी भांडी घासून परत करायची आणि पुढच्या चट्टीकडे निघायचे. झोपण्याच्या जागेला किंमत नव्हती, शिध्याला होती. आज नेमकं उलटं झालं आहे. आज आपण जागेचे पैसे मोजतो आणि नाश्ता ‘त्यातच’ असतो.

चट्टीबरोबर दुसरी परंपरा होती सदावर्ताची. काही गावांचे उत्पन्न यात्रेकरूंच्या अन्नासाठी लावून दिलेले असे. इंग्रजी अंमल आल्यावर कुमाऊँचे कमिशनर ट्रेल यांनी या सदावर्ताच्या पैशातून यात्रेचा रस्ता बांधायला घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऋषिकेशात बाबा काली कमलीवाले यांचे क्षेत्र उभे राहिले आणि त्यांच्या धर्मशाळा वाटेवर ठिकठिकाणी झाल्या. आपल्या अहिल्याबाईंनी त्याच्याही शंभर वर्षे आधी हिमालयातल्या यात्रास्थानी धर्मशाळा बांधवल्या होत्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच. लक्ष्मणझुल्याला पूर्वी दोरांचा पूल होता. कोलकात्याच्या सूरजमल झुनझुनवाला यांच्या दानातून १८८९ मध्ये लोखंडी दोरांचा झाला. १९२४ च्या पुरात तो वाहून गेला आणि आता आपण फोटोत पाहतो तो पूल १९३० मध्ये खुला झाला. दान, सदावर्त आणि दुकानदारी, या तीन खांबांवर यात्रेचा मुक्काम उभा होता.

पण कुणी असं समजू नये, की जुनं सगळं छान होतं. तसं नव्हतं. दाटीवाटीने माणसे राहत, काठावरच शौचाला बसत आणि तेच पाणी पीत. या वाटेवर कॉलऱ्याच्या साथी पुन्हा पुन्हा आल्या. पुढे वर, रुद्रप्रयागच्या बाजूला, १९१८ ते १९२६ या काळात एका बिबट्याने सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे मारली. जिम कॉर्बेट यांनी शेवटी त्याला मारले ते गोलाबराईच्या यात्रेकरूंच्या पडावाजवळ. त्या पडावाचा पंडित स्वतः त्या बिबट्याच्या जबड्यातून वाचलेला होता. रात्री कुठे आणि कसे झोपायचे, हा त्या वाटेवर जिवाचा प्रश्न होता.

याच संदर्भात एक घटना सांगायलाच हवी. सप्टेंबर १८९३ मध्ये गढवालात गोहना इथे डोंगर कोसळला आणि बिरही गंगेचा प्रवाह अडला. मागे प्रचंड तलाव साठू लागला. हा बांध फुटला, तर अलकनंदेकाठचे सगळे वाहून जाणार, हे उघड होते. क्रुकशँक नावाच्या तरुण लष्करी इंजिनिअरने तलाव कधी भरेल याचा हिशेब मांडला. तलावापासून खाली हरिद्वारपर्यंत तारेची लाइन टाकली गेली. काठावर राहणाऱ्यांना वर हलवण्यात आले. २५ ऑगस्ट १८९४ च्या रात्री बांध फुटला. गढवालचे जुने श्रीनगर गाव वाहून गेले, काठावरच्या चट्ट्या गेल्या. माणसे किती गेली? पाच. एक फकीर आणि त्याचे कुटुंब. त्यांना हलवले होते, पण ती परत खाली गेली होती. सव्वाशे वर्षांपूर्वी, मोबाइल नाही, उपग्रह नाही, आणि एवढ्या मोठ्या पुरात पाच माणसे! ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

मग रस्ता आला. नदीच्या उजव्या काठाने मोटार देवप्रयागकडे जाऊ लागली. १९६२ च्या चीन युद्धानंतर सीमेकडचे रस्ते झपाट्याने झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस मोटार बद्रीनाथपर्यंत पोचली. जिथे पायी कित्येक आठवडे लागत, तिथे दोन दिवस लागू लागले. चट्ट्या ओस पडल्या. त्यांना कोणी बंद केले नाही. माणसाला रात्र काढायची गरज उरली नाही, म्हणून त्या संपल्या. गावांच्या नावांत तेवढा ‘चट्टी’ शब्द मागे राहिला.

आणि नेमकं याच वेळी लोकांना नदी नव्याने दिसू लागली. १९७७ मध्ये सर एडमंड हिलरी तीन जेट बोटी घेऊन गंगासागरहून निघाले, ते प्रवाहाच्या उलटे थेट हिमालयात. नंदप्रयागजवळ एका धबधब्याने त्यांना अडवले. ज्या पाण्याकडे आपण स्नानासाठी आणि अस्थींसाठी पाहत होतो, त्या पाण्यावरून प्रवास करता येतो, हे अनेकांना त्या मोहिमेने दाखवले. पुढच्या दशकात ऋषिकेशच्या वर राफ्ट उतरू लागले. सुरुवातीला परदेशी पाहुणे अधिक होते, मग दिल्लीचे तरुण आले, मग आपण सगळे.

राफ्ट आला तसा मुक्कामाचा प्रश्नही परत आला. पण आता झोपायचं कुठे? चट्टी नव्हती. धर्मशाळेत राफ्टिंगवाला जाईना. मग उत्तर नदीनेच दिले. हिवाळ्यात पाणी उतरते आणि वळणावळणावर पांढरी वाळू उघडी पडते. त्या वाळूवर तंबू लागले. पावसाळा संपला की उभारायचे आणि जूनच्या शेवटी काढायचे. जुलै-ऑगस्टात राफ्टिंगही बंद. शिवपुरी, ब्यासी, कौडियाला इथल्या वाळवंटांवर तंबूंच्या रांगा झाल्या.

आम्हीही त्यातच होतो, हे लपवत नाही. १९९७ च्या ऑक्टोबरात आम्ही आणि आमच्या विभागातले दोन सहकारी अशा वाळूवर दोन रात्री राहिलो. आमचा गाइड गढवाली पोरगा होता, चोविशीतला असेल. राफ्टच्या मागच्या टोकाला बसून तो आम्हाला हुकूम देई : फॉरवर्ड, बॅकवर्ड, स्टॉप, गेट डाउन. तिघे पीएच.डी. आणि तिघेही त्याच्या एका शब्दावर वाकत होते. उतरण्याआधी त्याने अर्धा तास समजावलं होतं. पाण्यात पडलात तर उभं राहायला बघू नका. उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवा, दोर फेकला की दोर धरा, दोराची पिशवी धरू नका. आम्ही आयुष्यात ऐकलेल्या व्याख्यानांत इतकं नेमकं व्याख्यान विरळा.

रात्री शेकोटी झाली, गाणी झाली. वर आकाश, समोर नदीचा आवाज. खरं सांगतो, आनंद झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही वाळूवरून फिरायला निघालो, तेव्हा आमच्या तंबूपासून पन्नासेक पावलांवर शौचाचे खड्डे दिसले. वाळूतच खणलेले, वरून कनात लावलेली. तिथून पाणी फार तर तीस पावलं. वाळू पाणी धरून ठेवत नाही, हे शाळेतलं पोरही जाणतं. आम्ही गाइडला विचारलं, ‘बाबा रे, हे जून झाल्यावर कुठे जातं?’ तो म्हणाला, ‘सरजी, जून के बाद गंगाजी खुद ले जाती हैं.’ चालकांकडे आम्ही तक्रार केली. त्यांनी चहा पाजला. आम्ही चहा प्यायलो आणि घरी आलो. त्या एका कपाची लाज आम्हाला अजून वाटते.

डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कौडियाला ते ऋषिकेश या पट्ट्यातल्या काठावरच्या कॅम्पिंगवर बंदी आणली. बातमी वाचून आम्हाला बरं वाटलं आणि लगेच एक कोडंही पडलं. कारण राफ्टिंगवर बंदी नव्हती. म्हणजे लवाद म्हणत होता : नदीवरून जा, हरकत नाही, पण तिच्या वाळूवर झोपू नका. पुढे २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने नियम होईपर्यंत राफ्टिंगही थांबवले होते, पण नियमांनंतर ते सुरू झाले. जाणं परत आलं. वाळूवरचं राहणं आलं नाही.

जाणे आणि राहणे यांत हा भेद का? आमच्या विषयात याचे एक जुने उत्तर आहे. इमॅन्युएल कांट यांनी १७९५ साली शाश्वत शांततेवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात ते परक्या माणसाच्या दोन हक्कांत फरक करतात. एक भेटीचा हक्क. पृथ्वी सगळ्यांची आहे, म्हणून कोणीही कुठेही गेला, तर त्याला शत्रूसारखे वागवू नये. दुसरा पाहुणेपणाचा हक्क, म्हणजे तिथे राहण्याचा. तो आपोआप मिळत नाही. त्यासाठी यजमानाशी वेगळा करार लागतो. कांट हे लिहीत होते ते युरोपी व्यापाऱ्यांना मनात धरून. भेटीला म्हणून जातात आणि मालक होऊन बसतात, हा त्यांचा रोख होता. आपल्याला हे समजावून सांगायला नको!

आपल्याकडेही ‘अतिथी’ शब्दाची परंपरेने केलेली फोड हेच सांगते. मनुस्मृतीत एक रात्र राहणाऱ्याला अतिथी म्हटले आहे. ज्याचे राहणे कायमचे नाही, तो अतिथी. आता या कसोटीवर चट्टी आणि कॅम्प ठेवून पाहा. चट्टीवरचा यात्रेकरू एक रात्र राही आणि निघे. आम्ही दोन रात्री राहिलो आणि निघालो. मग आम्हीही अतिथीच की! आमच्यात आणि त्याच्यात फरक कुठे?

फरक आमच्यात नव्हता, फरक तंबूत होता. आम्ही निघालो, पण तंबू निघाला नाही. आमच्या जागी त्याच संध्याकाळी दुसरे तिघे आले. खाट तीच, खड्डा तोच. नऊ महिने ती वाळू एक रात्रही रिकामी नव्हती. प्रत्येक माणूस पाहुणा होता, पण सगळे मिळून घरमालक झाले होते. कुणा एकाचा दोष नाही, म्हणून कुणी लाजत नाही. आम्हाला वाटतं, आपल्या काळातल्या पुष्कळ बिघाडांचं मूळ इथे आहे.

यावर कुणी म्हणेल, चट्टीदेखील कायमचीच होती, तिथेही रोज नवी माणसं येत. हा आक्षेप खरा आहे आणि कॉलऱ्याने त्याची किंमत वसूलही केली. पण चट्टीचा मालक त्याच गावचा होता. घाण झाली तर त्याच्या पाण्यात, साथ आली तर त्याच्या घरात. त्यामुळे तो सुधारला असे नाही, पण त्याला पळून जाता येत नव्हते. वाळूवरच्या कॅम्पचा मालक पुष्कळदा मैदानातल्या शहरात होता आणि गढवाली माणूस त्याच्याकडे गाइड किंवा आचारी होता.

हा प्रश्न फक्त गंगेचा नाही. आपल्या पंढरपुरात चंद्रभागेच्या पात्राला आपण वाळवंटच म्हणतो. वारकऱ्यांच्या राहुट्या त्या वाळवंटात पडत. पुढे पात्रातल्या घाणीचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, राहुट्यांवर निर्बंध आले आणि वारकऱ्यांच्या मुक्कामासाठी पैलतीरावर ६५ एकरांची जागा ठरली. पुष्कळांना ते लागलं. शतकांची वहिवाट आहे, असं ते म्हणाले, आणि ते चूक नव्हते. पण जी वाळू चार हजार पाहुण्यांना पचवते, ती चार लाखांना पचवू शकत नाही. वहिवाट तीच राहिली, पाहुण्यांचा आकडा तो राहिला नाही. भक्त असो की राफ्टिंगवाला, वाळूला फरक कळत नाही.

बंदीनंतर गंगेकाठचे कॅम्प कुठे गेले? काही रस्त्याच्या वरच्या अंगाला, शेतांच्या पायऱ्यांवर. आणि पुष्कळसे डाव्या काठाला, हेंवल नावाच्या उपनदीच्या खोऱ्यात, फूलचट्टी-मोहनचट्टीच्या बाजूला. म्हणजे बघा, राफ्टिंगवाला फिरून पुन्हा चट्टीवरच झोपायला आला! ही नावं ऐकून आम्हाला आधी गंमत वाटली होती.

ती फार टिकली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये अतिवृष्टीच्या रात्री मोहनचट्टी भागातल्या एका कॅम्पवर दरड कोसळली आणि मुक्कामाला आलेली माणसं ढिगाऱ्याखाली गेली. भर पावसाळा, राफ्टिंग बंद, पण खोल्या चालू. आता १८९४ आठवा. तेव्हा नदीकाठी झोपणाऱ्या प्रत्येकाला उठवून वर नेणारी एक यंत्रणा होती, कारण ‘इथे कोण झोपलं आहे’ हा प्रश्न कुणीतरी आपला मानला होता. आज नदीवर आपल्यासाठी हेल्मेट आहे, लाइफ जॅकेट आहे, दोर आहे, गाइड आहे. पाण्यावरच्या दोन तासांची काळजी घेणारा माणूस आपण पैसे देऊन ठेवतो. जमिनीवरच्या दहा तासांसाठी मात्र कोणीच नसतं, कारण झोपणं हे आपण साहसात धरतच नाही.

तेव्हा त्या श्रोत्यांना आमचं उत्तर असं. नदीवर गाइडचं ऐका, तिथे आमचा काही सल्ला नाही. मुक्कामाची जागा ठरवताना मात्र फोनवर तीन गोष्टी विचारा. मैला आणि सांडपाणी कुठे जातं? रात्री पाऊस झाला किंवा पाणी वाढलं, तर आम्हाला कोण उठवणार आणि कुठे नेणार? आणि जागेचा मालक कुठे राहतो? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा माणूस हसेल. हसू द्या. वरच्या धरणांमधून विजेच्या मागणीप्रमाणे पाणी सुटतं, भागीरथीवर टिहरीचं धरण २००६ पासून चालू आहे; नदीची पातळी आता नुसत्या आभाळाकडे बघून सांगता येत नाही. तिथेच राहणाऱ्या माणसाला ती कळते. पावसाळ्यात जाऊच नका. आणि जमलं, तर ऋषिकेशातच एखाद्या साध्या धर्मशाळेत उतरा, सकाळी जीपने वर जा, राफ्टने खाली या आणि रात्री पुन्हा तिथेच झोपा. सोय थोडी कमी असेल, पण तिथे पाहुणा कसा ठेवावा याची सवय शंभर वर्षांची आहे.

आणि राफ्ट ब्रह्मपुरीच्या खाली शांत पाण्यात आला, की गाइड वल्ही आत घ्यायला सांगतो. तेव्हा एकदा डावीकडे बघा. त्या जंगलातून कुणीतरी घासलेली भांडी परत करून पहाटे वर निघालेलं असायचं. आम्ही १९९७ मध्ये बघितलं नव्हतं. आमचं लक्ष चहाकडे होतं.

पुढच्या वेळी आपण घाटांकडे वळू. नाशिकच्या आणि काशीच्या. तोवर प्रश्न पाठवत राहा, लहानच पाठवा, उत्तरं आम्ही लांबवतो.